डाकारहून मार्सेलिसला : एका शिक्क्याची कथा

सेनेगल देशांतील डाकार शहरीं राहणारा एखादा शिक्षक उन्हाळ्याच्या सुटींत पॅरिस पाहून येऊं म्हणेल, तर त्याचा प्रवास बंदरावर किंवा विमानतळावर सुरू होत नाहीं. तो एका खिडकीपुढें सुरू होतो. त्या खिडकींतून जीं कागदपत्रें मागितलीं जातात त्यांची यादी लांब आहे. परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालेल असा, १० वर्षांच्या आंत दिलेला आणि २ पानें कोरीं असलेला पासपोर्ट. उतरावयाच्या जागेचा पुरावा. जाण्यायेण्याच्या तिकिटाची नोंद. खर्चापुरता पैसा असल्याचें दाखविणारे बँकेचे उतारे. नोकरी असल्यास मालकाचें पत्र. आणि ३० हजार युरोपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाचा विमा. शिवाय दहाहि बोटांचे ठसे. १९९५ नंतर वाढत वाढत गेलेली फी जून २०२४ मध्यें ९० युरो झाली, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाहीं. एवढें सारें करून अर्जदारास जी गोष्ट पटवावयाची असते ती मात्र कोणत्याच कागदावर नीट उतरत नाहीं. ती एवढीच कीं, पॅरिस पाहून झालें म्हणजे आपण घरीं परत जाऊं.

हें आश्वासन मागण्याची वेळ युरोपावर कधीं आली, आणि आफ्रिकेच्या माणसाचा शब्द त्यासाठीं अपुरा कधीं ठरूं लागला, या प्रश्नाचें उत्तर फार दूरच्या काळांत शोधावें लागत नाहीं. स्वतंत्र सेनेगलच्या प्रवाशास पॅरिसच्या वाटेवर व्हिसा लागूं लागला तो १९८६ सालीं. त्यापूर्वींचीं शंभराहून अधिक वर्षें त्या शहराचे व फ्रान्सचे संबंध कोणत्याहि शिक्क्याहून अधिक गुंतागुंतीचे होते. त्यांतील कांहीं काळ तर डाकारचा माणूस फ्रान्समध्यें परका नव्हताच.

पासपोर्ट ही वस्तु जुनी. परंतु ती प्रत्येक प्रवाशाच्या खिशांत असलीच पाहिजे ही समजूत अर्वाचीन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाड्यांनीं युरोपभर माणसांची अशी कांहीं ने-आण चालविली कीं, सरहद्दीवर ज्याचे त्याचे कागद उलगडून पाहणें सरकारांना परवडेना, आणि पश्चिमेकडील बहुतेक देशांनीं ती सक्ती सैल केली. रशिया आणि तुर्कस्तान हे त्याला ठळक अपवाद. १९१४ चें महायुद्ध सुरू झालें तेव्हां हेरांच्या भीतीनें सर्वत्र पहारे बसले. युद्ध संपलें, पहारे राहिले. १९२० च्या ऑक्टोबरांत राष्ट्रसंघाच्या वतीनें पॅरिसला जी परिषद भरली तिनें ३२ पानांच्या पासपोर्टाचा एक नमुना ठरवून दिला, आणि ही कटकट पुढेंमागें नाहींशी व्हावी अशी इच्छाहि नमूद केली. १९२६ सालीं जिनीव्हास याच कामासाठीं पुन्हां परिषद भरली. पासपोर्ट रद्द करणें अद्याप शक्य नाहीं, असेंच तेथेंहि ठरलें. तात्पुरता म्हणून आलेला बंदोबस्त मोठा चिवट असतो. या कथेंत तो पुढें आणखी एकदां भेटेल.

आफ्रिकेंतील बहुसंख्य लोकांपुढें हा प्रश्न त्या काळीं पासपोर्टाच्या रूपानें आलाच नाहीं. ते कोणत्या ना कोणत्या युरोपीय राज्याची रयत होते, आणि रयतेंतहि पायऱ्या होत्या. पश्चिम आफ्रिकेंतील फ्रेंच मुलुखांत या पायऱ्या विशेष स्पष्ट दिसत. सेनेगलमधील सँ-लुई, गोरे, रुफिस्क आणि डाकार हीं चार शहरें म्हणजे जुनीं फ्रेंच ठाणीं. तेथें १८४८ च्या क्रांतीच्या वेळीं पॅरिसच्या प्रतिनिधिसभेसाठीं मत देण्याचा हक्क आला. मध्यंतरीं तो गेला आणि पुन्हां मिळाला. या शहरांच्या वेशीबाहेर जन्मलेला माणूस मात्र केवळ प्रजाजन. त्याला मत नाहीं, आणि त्याच्यावर एक निराळीच संहिता चाले, जिच्या आधारें गोरा अंमलदार खटल्यावांचून त्याला तुरुंगांत टाकूं शके. बोली एक, धर्म एक, प्रसंगीं कुटुंबहि एकच. पण एका भावाचा जन्म वेशीच्या आंतला आणि दुसऱ्याचा बाहेरचा.

गोरे बेटावर १८७२ सालीं जन्मलेले ब्लेझ दियान्य हे १९१४ च्या मे महिन्यांत या चार शहरांतर्फे फ्रेंच लोकसभेवर निवडून आले. त्या सभेंत बसणारे ते पहिले कृष्णवर्णी आफ्रिकन. महायुद्ध पेटतांच त्यांनीं एक रोखठोक व्यवहार केला. चार शहरांतील तरुणांनीं सैन्यांत जावें, पण तें नागरिकांच्या पलटणींत आणि नागरिकांच्या हक्कानें. २९ सप्टेंबर १९१६ च्या कायद्यानें या शहरांचे मूळ रहिवासी आणि त्यांचे वंशज हे फ्रेंच नागरिक असल्याचें निःसंदिग्धपणें मान्य झालें. पुढें १९१८ सालीं पंतप्रधान क्लेमांसो यांनीं दियान्य यांनाच सैन्यभरतीसाठीं पश्चिम आफ्रिकेंत धाडलें, आणि त्यांनीं ६० हजारांहून अधिक माणसें मिळवून दिलीं. त्या युद्धांत फ्रेंच पश्चिम आफ्रिकेंतून भरती झालेल्या शिपायांची संख्या २ लक्षांच्या घरांत जाते. त्यांतले बहुतेक वेशीबाहेरचे. मार्सेलिसच्या धक्क्यावर उतरतांना त्यांना कोणीं कागद विचारला नाहीं. सुमारें ३० हजार परत गेले नाहींत.

मार्सेलिस हें बंदर मराठी माणसाला १९१० च्या जुलैपासून चांगलेंच ठाऊक आहे. सावरकरांनीं तेथें समुद्रांत उडी घेतली आणि फ्रेंच भूमीवर पाय ठेवणाऱ्या परक्या माणसाचे हक्क कोणते, हा वाद हेगच्या न्यायासनापर्यंत गेला. आफ्रिकेच्या शिपायांबद्दल असा वाद कोणीं उकरून काढला नाहीं. त्यांना नेणारें सरकारच त्यांचें होतें.

१९१९ च्या फेब्रुवारींत पॅरिसला अखिल आफ्रिकन परिषद भरली. अमेरिकेचे डॉ. डु बॉइस तिचे चालक आणि दियान्य तिचे अध्यक्ष. ५७ प्रतिनिधि जमले. परंतु ज्यांना समुद्र ओलांडून यावयाचें होतें त्यांतील अनेकांना त्यांच्या सरकारांनीं पासपोर्टच दिले नाहींत, आणि म्हणून जे आधींच पॅरिसला राहत होते त्यांच्यावर परिषदेची मुख्य भिस्त राहिली. शिपाई हवे होते तेव्हां कागद लागला नाहीं. वक्ते येऊं लागतांच तो आठवला.

इंग्लंडची रीत वेगळी. रंगाचा उल्लेख कायद्यांत करण्याची तेथें सहसा चाल नव्हती. म्हणूनच १९२५ सालचा एक हुकूम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १९१४ च्या कायद्याप्रमाणें ब्रिटिश राजाच्या मुलुखांत जन्मलेला कोणीहि माणूस ब्रिटिश प्रजाजन ठरे. फ्रीटाउन, बाथर्स्ट, लेगॉस हीं शहरें राजाचा मुलूख. परंतु फ्रीटाउनच्या पाठीमागें पसरलेला सिएरा लिओनचा अंतर्भाग १८९६ पासून ‘संरक्षित प्रदेश’ होता, आणि तेथें जन्मलेला माणूस राजाच्या संरक्षणाखालीं असला तरी कायद्याच्या भाषेंत परकाच. आगबोटीच्या भट्टींत कोळसा लोटणाऱ्या खलाशास हा भेद माहीत असण्याचें कांहींच कारण नव्हतें.

कार्डिफ, लिव्हरपूल, साउथ शील्ड्स या बंदरांत युद्धकाळीं असे खलाशी पुष्कळ स्थायिक झाले होते. युद्धानंतर बेकारी आली, आणि १९१९ सालीं याच बंदरांतून काळ्या वस्त्यांवर दंगे झाले. मग १९२५ सालीं ‘रंगीत परदेशी खलाशी’ यांच्यासाठीं खास निर्बंधांचा हुकूम निघाला. नांवानें तो परदेशीयांसाठीं होता. पुराव्याचें ओझें मात्र त्यानें उलटें फिरविलें. ज्या रंगीत खलाशापाशीं आपण ब्रिटिश प्रजाजन असल्याचा लेखी दाखला नसेल, त्यानें परदेशी म्हणून पोलिसांत नोंद करावी. त्याची नोकरीची पुस्तिका दाखला म्हणून धरली जात नसे. जन्माचा दाखला आणावा, तर ज्या गांवांत जन्ममृत्यूची नोंद ठेवण्याची तसदी सरकारनेंच कधीं घेतली नाहीं त्या गांवचा तो आणावा कोठून? कार्डिफच्या पोलिसांनीं तर ब्रिटिश प्रजाजनांनाहि सरसकट परदेशी म्हणून नोंदविलें. वीस वर्षें ब्रिटिश निशाणाखालीं पाणी कापलेला माणूस चौकींत जाई तो प्रजाजन म्हणून, आणि बाहेर येई तो परका होऊन. पश्चिम आफ्रिकेच्या व सोमाली खलाशांबरोबर एडनचे अरब आणि हिंदुस्थानचे खलाशीहि या जाळ्यांत सांपडले. त्या काळीं कोंकणांतील व गोमंतकांतील किती घरें आगबोटीवरच्या पगारावर चालत होतीं हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या हुकुमाची झळ निराळी समजावून सांगावयास नको.

डॉ. हॅरॉल्ड मूडी यांनीं १९३१ सालीं लंडनमध्यें स्थापन केलेल्या ‘लीग ऑफ कलर्ड पीपल्स’ या संस्थेनें हें प्रकरण हातीं घेतलें. हुकूम उठला तो १९४२ सालीं. दुसरें महायुद्ध तेव्हां ऐन भरांत होतें, आणि खलाशांची निकड होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारें फिरलें. सेनेगलचे पुढारी लामिन गे यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ७ मे १९४६ च्या कायद्यानें फ्रेंच साम्राज्यांतील सर्व प्रजाजन नागरिक झाले, आणि ती खटल्यावांचून तुरुंगांत टाकणारी संहिताहि त्याच वर्षीं गेली. या बदलाचा अर्थ एका माणसाच्या चरित्रांत चांगला दिसतो. लेओपोल सेंघोर यांचा जन्म १९०६ सालीं ज्वाल या गांवीं झाला, म्हणजे वेशीबाहेर. १९२८ सालीं ते पॅरिसला शिकावयास गेले. फ्रेंच भाषा शिकविण्याची सर्वोच्च परीक्षा त्यांना द्यावयाची होती. तिला बसण्यासाठीं आधीं नागरिकत्व मागून घ्यावें लागलें. १९३५ सालीं ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले, पुढें फ्रान्सच्या बाजूनें लढून जर्मनांच्या कैदेंत पडले, फ्रेंच लोकसभेंत बसले, आणि १९६० सालीं स्वतंत्र सेनेगलचे पहिले अध्यक्ष झाले. १९८३ सालीं फ्रेंच अकादमीनें त्यांना आपल्यांत घेतलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं त्यांच्या देशबांधवांना पॅरिसला जाण्यासाठीं व्हिसा लागूं लागला.

स्वातंत्र्यानें दार लगेच बंद झालें नाहीं, हें विसरतां कामा नये. १९६० नंतरहि सेनेगल, माली, मॉरिटेनिया या देशांच्या लोकांना फ्रान्समध्यें जाणें सोपें होतें. १९६३-६४ च्या करारांनीं कामासाठीं जाणाऱ्यास वैद्यकीय दाखला व नोकरीचा करार लागूं लागला. केवळ भेटीस जाणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत व्हिसा नव्हता. मालीच्या काई प्रांतांतून आणि सेनेगल नदीच्या खोऱ्यांतून सोनिंके लोक पॅरिसच्या कारखान्यांत व रस्तेझाडणीवर जात. त्यांची पद्धत मोठी शिस्तीची असे. थोरला भाऊ दोन-चार वर्षें राबून परत येई, त्याच्या जागीं धाकटा जाई, त्याच्यानंतर पुतण्या. फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनीं या रीतीस रहाटगाडग्याची उपमा दिली आहे. गाडगें भरून वर यावें, रिकामें होऊन खालीं जावें, आणि रहाट फिरत राहावा. पाठविलेल्या पैशांवर गांवीं धान्य येई, मशिदी व विहिरी बांधल्या जात.

१९७४ च्या जुलैंत तेलाच्या भाववाढीनें व मंदीनें घाबरलेल्या फ्रान्सनें कामगारांची आवक थांबविली, आणि हा रहाट अडकला. येथें जें घडलें तें धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नसावें. परत गेलों तर पुन्हां येतां येणार नाहीं हें कळतांच माणसांनीं परत जाणेंच सोडलें. ज्यांचें बिऱ्हाड खानावळीवजा वसतिगृहांतील एका खाटेपुरतें होतें त्यांनीं बायकामुलें आणवून घेतलीं. मंदीच्या दिवसांत तात्पुरत्या मजुरांची गर्दी कमी व्हावी म्हणून जो दरवाजा लावला, त्यानेंच त्या मजुरांना कायमचे रहिवासी केलें. आफ्रिकेचा प्रवासी परत जाईल कीं नाहीं, ही शंका जी पुढें प्रत्येक अर्जावर पसरली, तिचें एक मूळ असें या बंदींतच आहे.

इंग्लंडच्या बाजूस याच सुमारास पूर्व आफ्रिकेचें प्रकरण उद्भवलें, आणि त्यांत हिंदी लोकांचाहि संबंध होता. केनिया १९६३ च्या डिसेंबरांत स्वतंत्र झाला तेव्हां तेथील आशियाई लोकांना केनियाचें नागरिकत्व घेण्यास दोन वर्षांची मुदत होती. गुजराती, पंजाबी, गोमंतकी अशा हजारोंनीं आपला ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. तो लंडनच्या सरकारच्या नांवें दिलेला असल्यामुळें १९६२ च्या निर्बंधांतून ते सुटत होते. १९६७ नंतर नैरोबीहून लोक विमानें भरभरून लंडनला निघाले. तेव्हां पार्लमेंटानें अवघ्या तीन दिवसांत नवा कायदा करून टाकला. १ मार्च १९६८ ला त्यावर राजमुद्रा उमटली. आईबाप किंवा आजाआजी यांपैकीं कोणी ब्रिटनमध्यें जन्मलेलें वा तेथील नागरिक झालेलें नसेल, तर ब्रिटिश पासपोर्ट असूनहि आंत येण्याचा हक्क नाहीं. त्याऐवजीं वर्षाला कुटुंबप्रमुखांसाठीं १,५०० परवाने. कांहीं अभागी प्रवासी एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर चेंडूसारखे टोलविले गेले. हिंदुस्थाननेंहि त्याच वर्षीं केनियाच्या या ब्रिटिश आशियाई लोकांवर व्हिसाची अट घातली, म्हणजे तेंहि दार पूर्ण उघडें नव्हतें. मानवी हक्कांच्या युरोपीय आयोगानें १९७३ सालीं या कायद्याचा विचार करून असा अभिप्राय दिला कीं, वंशावरून केलेला असा भेद हा माणसाची मानहानि ठरूं शकतो. पासपोर्ट आणि प्रवेश हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहींत, हा धडा आफ्रिकेहून निघालेल्या आणखी एका वर्गास असा मिळाला.

मग १९८६ साल उजाडलें. त्या वर्षीं पॅरिसमध्यें दुकानांतून, रस्त्यांवर बाँब फुटत होते. सप्टेंबरांत पंतप्रधान झाक शिराक यांच्या सरकारनें युरोपीय आर्थिक समुदाय, स्वित्झर्लंड असे थोडे अपवाद सोडून जगांतील सर्वांवर व्हिसाची सक्ती बसविली. दहशतवादाविरुद्धचा तात्पुरता उपाय, असें तिचें स्वरूप सांगण्यांत आलें. स्वीडन, ऑस्ट्रिया, अमेरिका यांच्यावरहि ती होती. कांहीं वर्षांतच या श्रीमंत देशांवरील अट उठली. सेनेगल, माली, कोत दिव्हार, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया यांच्यावरील राहिली. डाकारच्या फ्रेंच वकिलातीपुढें त्या शरद्ऋतूंत लागलेली रांग मग कधीं मोडली नाहीं. लग्नास, बारशास, आजारी भावाच्या भेटीस जाणाऱ्या माणसाला तोंवर केवळ तिकीट काढावें लागत होतें.

योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत ब्रिटननेंहि पांच देशांवर व्हिसा लादण्याचें जाहीर केलें. त्यांत आफ्रिकेचे दोन, नायजेरिया व घाना. उरलेले तीन भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश. तोंवर मुंबईचा किंवा पुण्याचा प्रवासी लंडनला आधीं शिक्का न घेतां उतरूं शकत असे. म्हणजे लेगॉसच्या आणि मुंबईच्या प्रवाशाची रांग एकाच यादीनें लावली. लगोलग १९८७ च्या कायद्यानें ज्या विमान अगर आगबोट कंपनीनें बिनव्हिशाचा उतारू आणला असेल तिला प्रत्येक माणसामागें १,००० पौंड दंड ठेवण्यांत आला. १९९१ सालीं तो २,००० झाला. या तरतुदीची फारशी चर्चा झाली नाहीं, पण सर्वांत मोठा फरक तिनेंच केला. तोंवर कागद तपासणारा माणूस हीथ्रोवर बसत असे आणि तो सरकारचा नोकर असे. आतां तोच तपास लेगॉसच्या विमानतळावर तिकिटें पाहणारा कारकून करूं लागला, कारण चूक झाल्यास भुर्दंड त्याच्या कंपनीला. युरोपची सरहद्द अशा रीतीनें युरोप सोडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येऊन बसली.

पुढची हकीकत शेंगेनची. लक्झेंबुर्गांतील या खेड्याजवळ मोझेल नदीवर एका बोटींत १४ जून १९८५ रोजीं पांच देशांनीं आपापसांतील सरहद्दी उघडण्याचा करार केला. १९९० सालीं त्याची सविस्तर संहिता झाली आणि २६ मार्च १९९५ पासून सात देशांत ती अंमलांत आली. आफ्रिकेच्या प्रवाशाच्या दृष्टीनें हिची एक बाजू सोयीची होती, हें कबूल केलें पाहिजे. पूर्वीं फ्रान्सचा व्हिसा घेतलेल्यास बेल्जममध्यें बहिणीकडे जावयाचें तर दुसरा लागे. तें काम आतां एका शिक्क्यांत भागूं लागलें. दुसरी बाजू अशी कीं, आंतले दरवाजे काढून टाकल्यावर बाहेरचा दरवाजा सर्वांचा एकच आणि सर्वांत कडक पहारेकऱ्याच्या मनासारखा झाला. स्पेनची मोरोक्कोशीं, इटलीची ट्युनिशियाशीं, पोर्तुगालची केप व्हर्देशीं जी जुनी सैल वहिवाट होती ती या एकीकरणांत आटली.

१५ मार्च २००१ च्या नियमानें कोणत्या देशांच्या लोकांना व्हिसा हवा आणि कोणाला नको, याच्या दोन याद्या सर्वांसाठीं एक झाल्या. पहिल्या यादींत आफ्रिका खंड संपूर्ण होतें. २००९ सालीं मॉरिशस आणि सेशेल्स या दोन बेटांच्या राष्ट्रांची तींतून सुटका झाली. खंडाच्या मुख्य भूमीवरील एकाहि देशाची झालेली नाहीं. घाना, नायजेरिया, इथिओपिया, एरिट्रिया, सोमालिया आणि कांगोचें लोकशाही गणराज्य यांच्या नागरिकांना तर युरोपच्या एखाद्या विमानतळावर केवळ विमान बदलण्यासाठीं थांबावयाचें असलें तरी सामान्यतः वेगळा व्हिसा लागतो. बोटांच्या ठशांची सामायिक नोंदवही ऑक्टोबर २०११ मध्यें सुरू झाली, तीहि प्रथम उत्तर आफ्रिकेंतील वकिलातींतून. ही नोंद ५ वर्षें राहते. नकार दिल्यास कारण लेखी कळविण्याची आणि त्यावर अपील ऐकण्याची सक्ती वकिलातींवर एप्रिल २०११ पासून झाली, ही एक खरी सुधारणा. मात्र छापील उत्तरांत वारंवार खूण केलें जाणारें कारण तेंच: मुदतीपूर्वीं परत जाण्याचा हेतु संशयास्पद वाटतो. या कारणाविरुद्ध पुरावा द्यावा तरी कशाचा? घर, शेत, पगार, बायकामुलें यांचे दाखले जोडावेत. तरुण, अविवाहित आणि भाड्याच्या खोलींत राहणाऱ्यानें तेवढेंहि जोडूं नये, कारण जोडण्यास कांहीं नसतें.

या व्यवहारांत मुंबईचाहि एक धागा आहे. अर्जदारांची गर्दी वाढली तशी अर्ज घेण्याचें, कागद तपासण्याचें व ठसे उमटविण्याचें काम वकिलातींनीं खासगी कंपन्यांकडे सोंपविलें. अशा कंपन्यांतील सर्वांत मोठी, व्हीएफएस ग्लोबल, २००१ सालीं मुंबईंतच सुरू झाली. तिचें पहिलें काम तेथील अमेरिकन वकिलातीचें. आज आफ्रिकेंतील अनेक राजधान्यांत युरोपीय सरकारांसाठीं अर्ज स्वीकारणाऱ्या खिडक्या याच कंपनीच्या आहेत. निर्णय अर्थात् वकिलातीचाच राहतो. पण निर्णय देणारा अधिकारी आणि अर्ज करणारा माणूस यांची पूर्वीं जी समोरासमोर गांठ पडे, ती आतां बहुधा पडत नाहीं.

कागदाचा जाच उलट्या दिशेनेंहि होऊं शकतो, याचें उदाहरण जुन्या सेनेगाली शिपायांचें. फ्रान्ससाठीं लढून म्हातारे झालेल्या यांपैकीं कांहींना तेथील निर्वाहवेतन मिळे. परंतु त्यासाठीं वर्षांतील निदान सहा महिने फ्रान्समध्येंच राहण्याची अट होती. नव्वदी गांठलेले लोक पॅरिसच्या उपनगरांतील छोट्या खोल्यांतून, नातवंडांपासून हजारों कोस दूर, ही अट पुरी करीत बसले होते. जानेवारी २०२३ मध्यें ती शिथिल झाली. एप्रिलच्या अखेरीस त्यांतले नऊ जण डाकारला कायमचे परतले.

अलीकडे व्हिसाचा उपयोग सरकारांवर दाब आणण्यासाठींहि होऊं लागला आहे. युरोपांत बेकायदा राहिलेल्या आपल्या नागरिकांना परत घेण्यास गांबिया पुरेसें साहाय्य करीत नाहीं, या कारणावरून ऑक्टोबर २०२१ मध्यें गांबियाच्या अर्जदारांच्या सवलती काढून घेण्यांत आल्या, आणि २०२२ च्या डिसेंबरांत त्यांची फी ८० युरोंवरून १२० करण्यांत आली. इथिओपियावर एप्रिल २०२४ मध्यें अशीच कारवाई झाली व अर्जाच्या निकालाची नेहमींची मुदत १५ दिवसांची ४५ झाली. सरकारावरचा राग असा खिडकीपुढच्या माणसाकडून वसूल होतो, मग तो माणूस व्यापारी असो कीं परिषदेला निघालेला प्राध्यापक.

सेनेगलनें एकदां फेड करून पाहिली. जुलै २०१३ पासून त्या सरकारनें युरोपीय प्रवाशांनाहि व्हिसा लावला, फी ५० युरो, आणि तेथेंहि बोटांचे ठसे. तत्त्व चोख होतें. परंतु समुद्रकिनाऱ्यावरचीं हॉटेलें ओस पडूं लागलीं, आणि पर्यटनावर पोट असलेल्यांनीं ओरड केली. १ मे २०१५ ला ती अट मागें घेण्यांत आली. पॅरिसचा शिक्षक डाकारला सुटी घालविण्यास पूर्वींप्रमाणेंच नुसता पासपोर्ट घेऊन येऊं लागला.

तो ज्या विमानतळावर उतरतो तो शहरापासून बराच दूर, न्दियास येथें, डिसेंबर २०१७ मध्यें उघडला. त्याला ब्लेझ दियान्य यांचें नांव दिलेलें आहे. पॅरिसच्या विमानाकडे निघालेल्या सेनेगाली उतारूचा पासपोर्ट तेथें प्रथम विमान कंपनीचा माणूस हातांत घेतो आणि व्हिसाचें पान उघडतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाप्रमाणें बिनव्हिशाचा उतारू चढविल्यास कंपनीला दंड होतो.